दुसऱ्याचा हो

१

त्या दिवशी वारा मुळीच नव्हता. पौषातली थंडी होती, नाकाच्या शेंड्याला झोंबणारी, पण आभाळ धुऊन काढल्यासारखं मोकळं होतं. तलाव परातीत ओतून ठेवल्यासारखा गप्प पडला होता. अशा सकाळी पल्याडच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कुणी शिंकलं तरी अल्याड कळतं. टिकारामला ते पक्कं ठाऊक होतं, कारण त्याचं सगळं आयुष्य त्या पाळीवरच गेलं होतं.

सात वाजायला आले तसा तो उठला. चुलीवर चहा ठेवला, खिडकीच्या फळीवरचा फोन घेतला आणि दारच्या पायरीवर येऊन बसला. मग रोजच्यासारखा दोनदा खाकरला. त्याचं खाकरणं असं होतं, की भिंतीपलीकडे रुखमाच्या खुराड्यातला कोंबडा दचकून आरवायचा.

"उठला माझा कोंबडा," भिंतीपलीकडून रुखमा म्हणाली. "टिकारामभाऊ, तुम्ही खाकरता का ट्रॅक्टर चालू करता?"

"कोंबड्याले सवय झाली पाहिजे, रुखमाबाई."

"कोंबड्याले झाली. मले नाही झाली."

रुखमा विधवा, साठीची. तिच्याकडे फोन नव्हता आणि तिला तो नकोही होता. "मले कायले पाहिजे," ती म्हणायची, "तुमचा अख्खा फोन मले भिंतीतून ऐकू येते."

टिकारामनं फोनवरचं गोल बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि तोंड तलावाकडे करून हाक दिली.

"पाणी सोडून राहिलो होऽऽ."

अंगठा उचलला. हाक गेली. आता चहा गाळेपर्यंत एकेक 'हो' येणार. कारध्याच्या उषाबाई बहुतेक पहिल्या, त्यांना नदीच्या थंडीनं झोप लागत नाही. मग पवनीचे वासुदेवराव, कापडाचे व्यापारी. त्यांचं रोज तेच असायचं: "हो. लवकर सोडा पाणी, माझी आंघोळ राहिली." असे एकोणीस. सगळ्यांत शेवटी बपेऱ्याची शकुनबाई. ती आधी बकरी पिळायची आणि मग 'हो' द्यायची, म्हणून तिच्या 'हो'मागे नेहमी बकरीच्या गळ्यातली घंटी वाजायची, आणि बकरीही आपलं काहीतरी म्हणून घ्यायची.

फोन टिंग वाजला. टिकारामनं कान दिला.

"होऽऽ."

शकुनबाई होती. पहिली. आणि तिच्या मागे काहीच वाजत नव्हतं.

२

हे सगळं सुरू झालं ते नातीमुळे. दोन दिवाळ्यांमागे रुचिका नागपूरहून आली होती. म्हणाली, "आबाजी, तुम्ही पाळीवर उभं राहून कशी हाक मारत होते ते एकदा मारून दाखवा." टिकारामनं चाळीस वर्षं तलावाचं पाणी सोडलं होतं. तो गावचा पाणकर होता. पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून तो पाळीवर चढला, दोनदा खाकरला, आणि हाक मारली. रुचिकानं त्याचा पाठमोरा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "आबाजी, तुमच्या हाकेले लोक हो देऊन राहिले."

खरंच देत होते. पाळीपाळीवर वाढलेली, आता एकेकट्या घरात बसलेली म्हातारी माणसं. कुणी नातवाच्या फोनवरून, कुणी स्वतःच्या. बपेऱ्याच्या एका बाईचा आवाज रुचिकानं त्याला ऐकवला. "पाणकरभाऊ," ती बाई म्हणत होती, "माझा बाप धानाच्या बांधीतून असाच हो द्याचा. चाळीस वर्षांनी मले कोणाले तरी हो द्याले भेटला." ती शकुनबाई.

रुचिकानं त्यांचा ग्रुप करून दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पाळ'. टिकारामला वाचता येत नव्हतं, निम्म्यांना येत नव्हतं. त्यामुळे तिथं लिहिणं नाहीच, सगळं बोलणं. उषाबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस पट्टी होती, तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीनं आपल्या अंगणातून काय दिसतं ते त्यांना सांगितलं. टिकारामनं तलावावर उतरलेली बदकं सांगितली. वासुदेवरावांना अंगणच नव्हतं, त्यांनी दुकानातल्या साड्यांचे रंग सांगितले, आणि पट्टी सुटल्यावर त्यातली एक अंजिरी रंगाची खरोखरच पाठवून दिली. त्यावर शकुनबाई म्हणाली, "वासुदेवराव, माझाही गुडघा दुखून राहिला. गुडघ्याले कोणती साडी देता?" तो दिवसभर ग्रुप हसत होता.

टिकारामचा मुलगा कुलदीप नागपूरला. त्याचं एकच टुमणं होतं, की बाबांनी घराला कुलूप लावावं आणि तिकडे यावं. "पडलात तर कोण पाहील?" टिकारामला जायचं नव्हतं. तलाव दिसला नाही की त्याला जेवण जात नसे. शेवटी तोड निघाली ती अशी: कुलदीपलाही ग्रुपात घेतलं. सकाळी बाबांची हाक आली की बाबा ठीक आहेत. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तो गाडी घेऊन निघणार. हाक होती म्हणून टिकाराम आपल्या घरात होता.

३

पाणकराची हाक काही हौसेची नसते. पाणी सोडायच्या वेळी कुणी पाटात वाकून गाळ काढत असतं, कुणी बांधाखालच्या मोरीत शिरलेलं असतं. म्हणून पाणकर हाक देतो. वरच्या बांधीपासून खालच्या बांधीपर्यंत एकेक जण आपला 'हो' देतो: मी वर आलो, मी बाजूला आहे. शेवटचा 'हो' आल्याशिवाय पाणकरानं तलावाच्या तोंडातली लाकडी खुंटी ओढायची नाही. आणि दुसऱ्याचा 'हो' कुणी द्यायचा नाही. शेजारी दिसत असला तरी नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही.

एकदा तसं झालं होतं. टिकाराम तेव्हा पस्तिशीचा होता. शेवटची बांधी आनंदरावची. सगळे 'हो' आले, आनंदरावचाही आला. टिकारामनं खुंटी ओढली. आनंदराव मोरीत होता.

तो वाचला, बाभळीच्या मुळीला अडकला म्हणून. पण पाय कायमचा गेला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "मी हो दिला नाही." मग कुणी दिला? बावीस जणांना विचारलं, बावीस जणांनी आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, आम्ही नाही.

लोक विसरले. टिकाराम विसरला नाही, कारण एक गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती. आनंदरावचा कुत्रा रोज हाकेबरोबर भुंकायचा. त्या दिवशी 'हो' आला पण कुत्रा भुंकला नाही. आणि तो 'हो' जरा खालून आला होता, पाण्याच्या अंगानं. टिकारामला ते खटकलं होतं. खटकूनही त्यानं खुंटी ओढली होती.

४

पायरीवर बसून त्यानं शकुनबाईचा 'हो' पुन्हापुन्हा ऐकला. आवाज तिचाच. पण फोनवर बोलणारं माणूस फोनाजवळ असतं, त्याचा श्वास लागतो. हा 'हो' लांबून येत होता, तीन-चार बांध्या पलीकडून आल्यासारखा. आणि जरा खालून.

तोवर बाकीचे आले. "होऽ, आज खोकला बरा हाय." "हो. लवकर सोडा पाणी." टिकारामनं चहा तसाच ठेवला आणि शकुनबाईचा नंबर लावला. फोन बंद.

त्यानं ग्रुपात सांगितलं, "शकुनबाईचा हो मले बरोबर नाही वाटत."

"काहून?" उषाबाई.

"बकरी बोलली नाही."

यावर वासुदेवराव. "टिकाराम, बकरीनं आता सुट्टी पण घेऊ नये का गा? बाईनं हो दिला, तिची बॅटरी संपली, फोन बंद पडला. यात काय हाय?"

काहीच नव्हतं. हिशेबानं वासुदेवरावांचं बरोबर होतं. टिकारामनं स्वतःला समजावून पाहिलं. म्हातारपणी कान फसवतात. बकरी चरायला सोडली असेल. बाईला घाई असेल. आपण पाच वेळा ऐकलं म्हणून तसं वाटतंय, कोणतीही गोष्ट पाच वेळा ऐकली की परकी वाटते. समोर तलाव गप्प पडला होता, आणि टिकारामला उगीच वाटलं की तोही ऐकतोय.

त्यानं बटण दाबलं. "वासुदेवराव, तुम्ही म्हणता तसंच असन. पण एकदा मी असंच म्हटलं होतं. कोणीतरी डोळ्यानं पाहून येत नाही तोवर मी आज पाणी सोडत नाही."

कुठलंही पाणी सुटणार नव्हतं. तलावाच्या खुंटीच्या जागी तर आता लोखंडी दार होतं आणि ते दुसऱ्याच माणसाच्या हाती होतं. पण ग्रुपात कुणी हसलं नाही. पाणकरानं पाणी सोडणार नाही म्हटलं, की पाळीवरच्या माणसाला बसवत नाही. उषाबाई म्हणाल्या, "बपेऱ्याजवळ सिहोऱ्याले माझ्या बहिणीचा कैलाश हाय, दुधाची गाडी चालवते. पंधरा मिनिटांत जाईन तो."

ती पंधरा मिनिटं चाळीस झाली. टिकाराम पायरीवरून उठला नाही. चहा काळा झाला.

५

उषाबाईंनी ग्रुपात पुढे पाठवलेला कैलाशचा आवाज धापा टाकत आला, आणि त्याच्यामागे बकरी ओरडत होती. "मावशी, सापडली. जिती हाय. मागच्या अंगणात धानाच्या तणसाची गंजी अंगावर कोसळली काल संध्याकाळी. खांद्यापर्यंत दबली होती. पाय मोडला, घसा बसला. बकरी तिच्याजवळ उभी हाय, पिळली नाही म्हणून बोंबलून राहिली. लोक आले, तुमसरले नेतो."

मग ग्रुपात जे झालं ते सांगून कळायचं नाही. एकोणीस म्हातारी माणसं एकाच वेळी बोलत होती. कुणी रडत होतं, कुणी देवाला नारळ बोललं. वासुदेवराव म्हणाले, "टिकाराम, त्या बकरीले माझ्याकडून शाल."

टिकाराम हसला, डोळे पुसले, आणि भिंतीपलीकडे रुखमाला सगळं सांगितलं. तिनं सगळं आधीच ऐकलं होतं. "आता चहा प्या," ती म्हणाली. "नवा ठेवला."

तिनं भिंतीवरून कप दिला. तो घेताना टिकाराम म्हणाला, "रुखमाबाई, माणसाचा हो ऐकून भागत नाही. 'हो'च्या मागचं ऐकलं पाहिजे."

"तुमच्या मागे माझा कोंबडाच असते," रुखमा म्हणाली.

दुपारी कैलाशचा आणखी एक निरोप आला. शकुनबाईचा फोन शोधला. तो तिच्याकडे नव्हताच. आदल्या दिवशी सकाळी तिनं तो पिठाच्या चक्कीवर चार्जिंगला ठेवला होता, आणि चक्कीला तेव्हापासून कुलूप होतं.

सगळे एवढे खुशीत होते, की मग सकाळचा 'हो' आला कुठून, हे टिकारामखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

६

चार दिवसांनी टिकाराम एसटीनं तुमसरला गेला. ग्रुपातले आणखी सात-आठ जण आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे समोरासमोर उभे, पण ओळखणार कसं? कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. एक ठेंगणे, टकले गृहस्थ बगलेत साडीचा डबा घेऊन घुटमळत होते. टिकाराम दोनदा खाकरला.

ते गर्रकन वळले. "टिकाराम?"

"हो द्या," टिकाराम म्हणाला, "मग सांगतो तुम्ही कोण."

"होऽऽ. माझी आंघोळ राहिली."

मग एकेकानं 'हो' दिला आणि एकेकाची ओळख पटली. अंजिरी साडी नेसून आलेल्या उषाबाई हसता हसता बाकावर बसल्या. नर्स ओरडायला आली आणि तीच हसून गेली. टिकारामला वाटलं, आपल्याला एवढी माणसं आहेत हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

शकुनबाईचा आवाज अजून बसलेला होता. सगळे चहाला गेले तेव्हा तिनं टिकारामला बोटानं जवळ बोलावलं.

"पाणकरभाऊ, हो मी नाही दिला."

"मले माहीत हाय."

"रातभर मी हाका मारल्या. मग हाका मारणं जमेना. दिवस उगवला तवा तणसाच्या पलीकडून मले एक हो ऐकू आला. माझा होता. माझाच आवाज. तवा मी म्हटलं, गेलं. आता कोणी येत नाही."

टिकारामनं तिच्या हातावर हात ठेवला. त्याला आनंदराव आठवला, मरणाच्या आधी खाटेवर पडलेला. तेव्हा आनंदरावनं त्याला हेच सांगितलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. मोरीतल्या अंधारात मले माझा हो ऐकू आला, टिकाराम. टिकारामनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तापातलं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

"पण तुम्ही आले," शकुनबाई म्हणाली, आणि हसली.

७

येताना एसटीच्या खिडकीला काच नव्हती. साकोलीपर्यंत टिकाराम वाऱ्यात बसला. घरी येईस्तोवर अंग मोडून आलं. रुखमानं भिंतीवरून काढा दिला, तो त्यानं घेतला, मागचं दार नुसतं लोटून झोपला.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. डोकं दगडासारखं जड. उठावं म्हणून त्यानं पाय खाली टाकले, तर पाय त्याचे नव्हतेच. तो खाटेच्या बाजूला जमिनीवर बसला तो बसलाच. रुखमाला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. घसा पार बंद झाला होता.

त्याला भीती वाटली नाही. सात वाजतील, हाक जाणार नाही, कुलदीप गाडी घेऊन निघेल. उषाबाई विचारतील. वासुदेवराव ओरडतील. आपल्याला एकोणीस माणसं आहेत. त्यानं पाठ खाटेच्या पायाला टेकवली आणि वाट पाहू लागला.

खिडकीच्या फळीवर फोन टिंग वाजला.

फोन त्याच्या हातापासून दहा पावलांवर होता. रुचिकानं तो असा लावून दिला होता, की पाळीवरचा निरोप आला की आपोआप मोठ्यानं बोलायचा, म्हाताऱ्याला बटणं शोधायला नकोत.

"होऽऽ," उषाबाई म्हणाल्या. "आज आवाज मोकळा हाय जी तुमचा, पाणकरभाऊ."

टिकाराम फोनकडे पाहत राहिला. हाक त्यानं दिली नव्हती, आणि खोलीत ती त्याला ऐकूही आली नव्हती.

"हो," वासुदेवराव म्हणाले. "लवकर सोडा पाणी."

होऽऽ. होऽऽ. एकेक येत होता. सगळे खुशीत होते. दवाखान्यातून शकुनबाईचा आला, घोगरा. मग कुलदीप, मागे गाडीचा हॉर्न. "हो बाबा. ठीक हाय ना, मग मी ड्युटीवर निघतो."

टिकारामनं ओठ हलवले. नाही रे. हवा निघाली. त्याच्या लक्षात आलं ते हळूहळू, थंड पाणी पायातून वर चढावं तसं. आज कुणी येणार नाही. आणि उद्या सकाळीही हाक जाईल. परवाही जाईल. लोक हसत 'हो' देतील.

फोनचा पडदा अजून उजळलेला होता. त्याच्या काचेवर काहीतरी होतं. टिकारामनं डोळे बारीक केले. थंडीच्या सकाळी आरशाजवळ तोंड नेऊन बोललं की उमटते तशी वाफ होती ती, एका घासाएवढी. तो पाहत असतानाच ती कडेकडेनं आटत गेली, आणि मग काच कोरडी झाली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. खिडकीतून तलाव दिसत होता. वारा नव्हता.

मग मागच्या दारी पावलं वाजली.

टिकारामनं श्वास धरला. पावलं दाराशी थांबली. "टिकारामभाऊ?" आवाज रुखमाचा होता. पण आवाजाचं आता काय धरायचं? त्यानं डोळे मिटले आणि आवाजाच्या मागचं ऐकलं. एक चप्पल फटफटत होती, तिचा अंगठा तुटलेला, महिनाभर शिवून आणायचा राहिलेला. आणि पायाशी कोंबडा कुरकुरत होता, सकाळी कुणी दचकवलं नाही म्हणून रुसल्यासारखा.

टिकारामच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या बंद घशानं तो हसला.

दार लोटलं गेलं. रुखमा आत आली, त्याला जमिनीवर पाहून तिनं पदर खोचला, आणि काखेत हात घालून त्याला उठवताना रोजच्या आवाजात म्हणाली, "हाक तर आली भाऊ तुमची, चांगली खणखणीत आली. पण तिच्या आधी तुम्ही खाकरले नाही. म्हटलं, पाहून तर येऊ."